तिथीनं तीन वर्षांचं पिंप

अक्षय्य तृतीयेच्या सकाळी साडेनऊ वाजता डॉक्टर सुमन खांबेटे यांनी पैठणीचा पदर खोचला, चपला दारात काढल्या आणि दोन टन बार्लीत कोपरापर्यंत हात घातला.

"वरदा, डावीकडची तापलीय गं."

"आजी, थर्मामीटर सतरा दाखवतोय."

"थर्मामीटरनं आजवर किती मटकीला मोड आणले?"

 एडिनबराच्या युनिव्हर्सिटीत वरदाला ऊर्ध्वपातन शिकवलं, यीस्ट शिकवलं, मटकी राहून गेली. तिनं मुकाट्यानं डावीकडचा थर लाकडी फावड्यानं उलटायला घेतला. चौथ्या फावड्याला उजवा खांदा कुरकुरला. तिनं आजीकडे पाठ केली आणि बाकीची फावडी डाव्या हातानं मारली.

ब्रानसे बेटावरच्या या लांबलचक दगडी खोलीला घरात सगळे मोडघर म्हणत. भिजवलेली बार्ली इथं जमिनीवर वीतभर जाडीत पसरायची, आठवडाभर तिला मोड येऊ द्यायचे, आणि दर चार तासांनी ती परतायची. नाहीतर ती तापते आणि मुळं एकमेकांत अडकून गोधडी होते. मग भट्टीत, पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या, धुरावर वाळवायची. मेनलँडवर ही बार्ली मोड आणून, वाळवून, तयार मिळते, लॉरीतून येते. पाच वर्षांपूर्वी डिस्टिलरी काढायचं ठरलं तेव्हा सुमननं ते ऐकलं आणि, "मोड विकतचे आणायचे?" एवढंच विचारलं. कुणीतरी सत्यनारायणाला विकतचा शिरा आणावा, अशा सुरात. त्या सुरामुळे खांबेट्यांच्या डिस्टिलरीत बार्ली हातानं परतली जाऊ लागली.

हात मात्र दोघांचेच होते. एक वरदा आणि दुसरा मर्डो. मर्डो बेटावरचाच, साठीचा. शब्द जपून वापरायचा, जणू तेही फेरीबोटीनं मागवावे लागतात.

"आज बारा वीसला मुहूर्त," सुमन म्हणाली. "पिंप उघडायचं, यांनी वास घ्यायचा, की सुटलो."

"की अडकलो," वरदा म्हणाली.

कारण आज निकाल होता. वरदाचा आतेभाऊ मिहीर यानं मोडघराच्या जागी कॅफे काढायचं मांडलं होतं: समुद्राकडे काचेची भिंत, लग्नांचं बुकिंग, आणि बार्ली तयार, लॉरीतून. मिहीर आणि त्याची आई मधुमती कॅफेच्या बाजूनं. वरदा आणि आजी मोडघराच्या. वरदाचे वडील नंदू मत देत नसत. मँचेस्टरमध्ये तीस वर्षं जीपी असलेल्या नंदूचं कुठल्याही प्रश्नावर एकच उत्तर होतं, दोन आठवडे बघू, नाही बरं वाटलं तर परत या. उरले आजोबा. आजोबांनी गेल्या दिवाळीत जाहीर केलं होतं की पहिली व्हिस्की तयार होईल तेव्हा तिचा वास घेऊन मी मत देईन.

वासच, कारण डॉक्टर शशी खांबेटे यांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नव्हता. पण नाक असं, की एडिनबरात मॉर्निंगसाइडच्या घरी बसून तिसऱ्या घरातली फोडणी करपलेली ते सांगत, आणि कुणाची सून नवी आहे तेही.

"आजी, त्यांनी माझा खांदा बघितलाय?"

"मी कुठं काय बोलले?"

"म्हणजे बघितलाय."

"अगं, चाळीस वर्षं छातीचा डॉक्टर. खांदा छातीच्या शेजारीच असतो."

वरदानं फावडं भिंतीला टेकवलं. मोडघर बंद झालं तर ती नोकरीला राहील, नळ उघडेल, नळ बंद करेल, पगारही घेईल. पण जे तिला येतं, जे मर्डोनं बापाकडून घेतलं आणि तिला दिलं, ते बेटावर कुणालाच येत नसेल. मिहीरला ती हे दोनदा सांगायला गेली होती. दोन्ही वेळा मिहीरनं लॅपटॉप उघडला होता.

*

अकराच्या फेरीतून मधुमती उतरली, आणि तिच्यामागोमाग अडतीस पाहुणे. वॉटफर्डचे, मँचेस्टरचे, एडिनबराचे. बायका भरजरी साड्यांत आणि वरून वॉटरप्रूफ जाकिटांत. दोन काका किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषी घागरा, घालून आले होते आणि वाऱ्यामुळे आपल्या निर्णयाचा फेरविचार करत होते. निमंत्रणपत्रिकेवर छापलं होतं, 'आमच्या पहिल्या पिंपाला तीन वर्षं पूर्ण होत आहेत, तरी अगत्य यावे.' अनुराधामावशींनी पिंपासाठी चांदीची वाटी आणली होती. तिसऱ्या वाढदिवसाला काय द्यायचं, दुसरं काही सुचलं नाही म्हणाल्या.

मधुमती सगळ्यांना हॉलमध्ये आमरसापाशी पोचवून वळते तोच मिहीरनं तिला ऑफिसात ओढलं.

"मम्मा, दार लाव."

मिहीर वॉटफर्डला सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होता. लोकांच्या चुका शोधायच्या, हा त्याचा पगारी उद्योग. घरी तो हे काम विनामूल्य करी.

"पहिला पिंप कधी भरला होता?"

"अक्षय्य तृतीयेला. मी होते की. बाबांनी नारळ फोडला, आणि करवंटी मर्डोच्या पायावर—"

"रजिस्टरमध्ये काय लिहिलंय बघ. थर्ड मे, ट्वेंटी ट्वेंटी-टू."

"बरोबर. तीन मेलाच होती त्या वर्षी."

"आणि आज?"

"आज अक्षय्य तृ—" मधुमती थांबली. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तिनं बघितलं. बुधवार, तीस एप्रिल.

"तीन वर्षं पूर्ण व्हायला तीन दिवस शॉर्ट," मिहीर म्हणाला. "ओकच्या पिंपात तीन वर्षं झाल्याशिवाय त्याला स्कॉच व्हिस्की म्हणता येत नाही. एक दिवस कमी असला तरी नाही. लॉ आहे."

"पण तिथी तीच आहे रे."

"लॉला तिथी नाहीये, मम्मा."

मधुमती खुर्चीत बसली. पहिला विचार आला तो असा, की आपण जिंकलो. पिंप उघडणार नाही, वास नाही, बाबा वरदाच्या खांद्याकडे बघून मत देणार, कॅफे होणार. तिनं तर मनातल्या मनात पडद्यांचा रंगही ठरवलेला होता. दुसरा विचार आला, तो मात्र नको असताना. दिवस बाबांनी काढून दिला होता. पंचांग पुढ्यात घेऊन, चष्मा कपाळावर सरकवून. बाबा एकदा कचऱ्याच्या गाडीच्या वारावरून कौन्सिलशी भांडले होते आणि कौन्सिलनं लेखी माफी मागितली होती. ती माफी अजून फ्रेममध्ये होती. त्या माणसाला अडतीस लोकांसमोर...

"मिहीर, हे कुणाला बोलू नकोस."

"का? This is literally our best argument."

"गाढवा, ते तुझे आजोबा आहेत."

"काल तूच म्हणालीस ते हट्टी आहेत."

"ते मी म्हणायचं. तू नाही."

*

बारा दहाला खांबेटे कुटुंब गोदामात पहिल्या पिंपाभोवती उभं होतं. पिंपावर सुमनच्या अक्षरात 'अक्षय्य तृतीया' असं पांढऱ्या रंगात लिहिलेलं, तारखेशिवाय. झेंडूचा हार मिळाला नव्हता म्हणून डॅफोडिल्सचा घातला होता. शशी खांबेटे सोवळं नेसावं तसे थ्री-पीस सूट घालून आले होते, नाक पुसून, सकाळपासून चहाही न घेता, वास शुद्ध राहावा म्हणून.

मर्डोनं बूच काढायला लाकडी हातोडा उचलला.

"थांबा!" मधुमती ओरडली.

मग जे व्हायचं ते झालं. ती बोलायला कचरली, मिहीर कचरला नाही.

 मर्डोला इंग्रजीत सांगावं लागलं. त्यानं हातोडा खाली ठेवला आणि पिंपाकडे बघितलं, आणि बाळंतिणीच्या खोलीत चुकून शिरल्यासारखा तो दोन पावलं मागं सरला.

"वरदा," शशी म्हणाले, "तू तारीख बघितली नाहीस?"

"आजोबा, दिवस तुम्ही दिलात!"

"मी तिथी दिली. तारखेचं काम डिस्टिलरचं."

"मला वाटलं अक्षय्य तृतीया ख्रिसमससारखी असते! फिक्स्ड!"

"फिक्स्ड?" सुमननं भिंतीचा आधार घेतला. "नंदू, काय शिकवलंस रे पोरीला?"

"शनिवारच्या मराठी शाळेत घालत होतो," नंदू म्हणाला. "दर शनिवारी पोट दुखायचं तिचं."

"आणि तू तपासलं नाहीस?"

"दोन आठवडे बघू म्हटलं."

मिहीरनं घसा खाकरला. "ओके, सोल्यूशन. आपण ओपन करायचा. फक्त 'व्हिस्की' म्हणायचा नाही. 'स्पिरिट' म्हणायचा. कोणाला कळणार?"

"मला," मर्डो म्हणाला. मराठी त्याला येत नव्हतं; पण 'व्हिस्की' आणि 'स्पिरिट' हे शब्द तो झोपेतही वेगळे करी.

"आज बाहेर काढलं तर ते कधीच व्हिस्की होणार नाही," वरदा म्हणाली. "शनिवारपर्यंत आत राहिलं तर होईल. मी परतलीय त्यातली बार्ली. मी नाही उघडणार."

"मग मत कसं द्यायचं?" मिहीर म्हणाला. "आजोबा, वासाशिवाय द्या. लोक जमलेत, डिसिजन होऊन जाऊ दे."

"मिहीर, गप्प बस," मधुमती म्हणाली. वरदानं चमकून आत्याकडे बघितलं. आजवर या गोदामात आत्या तिच्या बाजूनं बोलली नव्हती. आताही बोलली नव्हतीच; पण ज्याच्या विरुद्ध बोलली तो विरुद्ध पार्टीचा होता.

शशींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "चूक माझी आहे," ते म्हणाले.

गोदामात पिंपं श्वास घेतात म्हणतात. या क्षणी तीही थांबली असावीत.

"परत म्हणा," सुमन म्हणाली. "अठ्ठावन्न वर्षं थांबलेय. घाईत नीट ऐकू नाही आलं."

"अगं, पाहुणे बाहेर बसलेत."

"बसू देत. तुम्ही म्हणा."

"दोन आठवडे थांबलो तर?" नंदू म्हणाला, आणि सगळे त्याच्याकडे वळले. तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये नंदूच्या उपचाराला प्रथमच निदान जुळलं होतं. डोस फक्त अकरा दिवसांनी जास्त होता.

या सगळ्यात तास उलटला होता. मर्डोनं घड्याळ वरदासमोर धरलं. एक वाजून वीस. बार्ली एकला परतायची होती.

"ओ शिट," वरदा म्हणाली आणि पळाली.

*

हॉलमध्ये आमरस संपला होता आणि लोक एकमेकांची मुलं काय करतात या विषयावर आले होते. म्हणजे परिस्थिती हाताबाहेर जाण्याच्या बेतात होती. सुमन दारात उभी राहिली. चौतीस वर्षं तिनं ऑपरेशन थिएटरच्या बाहेर नातेवाईकांना असंच सांगितलं होतं.

"मंडळी, ऑपरेशन पुढं ढकललंय. पेशंटचं वय बसत नाही. शनिवारी होईल. घाबरायचं कारण नाही."

"म्हणजे व्हिस्की नाही?" किल्टवाल्यांपैकी एक, मिलिंदकाका.

"नाही."

"मग आम्ही सहा तास प्रवास करून..."

"काम करायला आलात," सुमन म्हणाली. "बूट काढा. मोजेसुद्धा. नीना, तो पदर खोच. दोन टन बार्ली तापतेय आणि माझ्या नातीचे हात दोन."

यात विनंती कुठंच नव्हती म्हणून कुणी नाही म्हटलं नाही.

पाच मिनिटांत मोडघरात एकोणचाळीस अनवाणी माणसं होती आणि लाकडी फावडी आठ. मराठी माणसांत अशा वेळी जे होतं तेच झालं: आठांनी फावडी घेतली आणि एकतीसांनी मार्गदर्शन सुरू केलं.

"अहो पोह्यांसारखं परता, कडेनं कडेनं!"

"पोहे नव्हेत हो, बिर्याणी आहे ही. दाणा मोडता कामा नये."

"मिलिंद, किल्ट सांभाळ!"

"दाबू नका!" वरदा ओरडत होती. "उचला, हवेत उडवा, पडू दे. तो तुकडा कोणी केला? अनुराधामावशी, वाटीनं नाही!"

अनुराधामावशी चांदीच्या वाटीनं परतत होत्या. फावडं मिळालं नव्हतं आणि बसून राहणं स्वभावात नव्हतं.

मग हळूहळू लय लागली. कुणीतरी आरतीच्या टाळ्या धरल्या, आठ फावडी त्या ठेक्यावर वर जाऊ लागली, आणि सोनेरी दाणे छताखालच्या उजेडात उडून खाली पडू लागले. मर्डो ओळीमागून फिरत होता. कुणाचं कोपर वर कर, कुणाचं फावडं तिरकं धर. बोलत नव्हता. दिवसाकाठचे शब्द संपले असावेत.

मिहीर उंबऱ्यावर उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर साक्षात्कार फुटत होता.

"वरदा! They're loving it. फुकट काम करतायत! याचा पॅकेज करू शकतो आपण. 'मोडघर एक्सपीरियन्स.' कॅफे नको, हाच—"

"माझ्या बार्लीत टुरिस्ट नकोत."

"पण आता मी तुझ्या बाजूनी आहे!"

"तीच तर भीती होती," वरदा म्हणाली, आणि हसायला लागली. कारण दिया, मिहीरची बायको, आतापर्यंत फोनवर शूटिंग करणारी, फोन मिहीरच्या हातात देऊन त्याच्याच बुटांवरून बार्लीत उतरली.

शशी खांबेटे भिंतीलगत उभे होते. थ्री-पीस सूट, पाय अनवाणी. त्यांची नजर बार्लीवर नव्हती. वरदाच्या हातात फावडं नव्हतं. ते तिनं मिलिंदला दिलं होतं. आणि फावडं नसताना तिचा उजवा खांदा कसा खाली लोंबतो, ते त्यांना गेल्या दिवाळीपासून प्रथमच पूर्ण दिसलं. पोरगी एकतीस वर्षांची, खांदा पन्नाशीचा. कॅफेच्या बाजूनं मत द्यायचं त्यांनी दिवाळीतच ठरवलं होतं. वासाची अट हे निमित्त. नातीला तोंडावर नाही म्हणायचं धाडस नव्हतं, म्हणून नाकावर ढकललं होतं.

"नीना, दे ते."

"काका, तुम्ही? या वयात?"

"दे."

त्यांनी फावडं घातलं, उचललं, आणि सगळी बार्ली स्वतःच्या बुटां... बूट नव्हतेच, पायांवर ओतली. मर्डो आला. त्यानं त्यांच्या हातांवर आपले हात ठेवले आणि एकदा करून दाखवलं. दुसऱ्यांदा शशींनी एकट्यानं केलं. वाईट. तिसऱ्यांदा कमी वाईट. दाणे उडाले तसा थंडगार, हिरवा वास आला.

ते थांबले. मूठभर बार्ली नाकाशी नेली.

"वरदा, ह्याला काकडीचा वास येतोय."

"यायलाच हवा आजोबा. मोड नीट आलेत म्हणून."

"कोपऱ्यातल्याला येत नाहीये."

वरदा कोपऱ्यात गेली, वाकली, वास घेतला. मर्डोनं घेतला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. कोपऱ्यातला थर जाड राहिला होता आणि खालून गोधडी व्हायला लागली होती. थर्मामीटर तिथं पोचत नव्हता.

"उजवीकडून या," वरदानं चौघांना कोपऱ्यात वळवलं. "खालून सोडवा, हातानं, हळू. मुळं तुटू देऊ नका."

मधुमती सगळ्यात आधी गुडघ्यांवर बसली. कांजीवरमचं काय व्हायचं ते होवो. बापाच्या शेजारी बसून ती मुळं सोडवत राहिली, लहानपणी त्यांच्याकडून वेणीची गाठ सोडवून घ्यायची तशी, फक्त आता उलट.

"बाबा, मत?" तिनं हळूच विचारलं.

 शशी उठायला बघत होते आणि गुडघे संमती देत नव्हते. नंदूनं एका बाजूनं धरलं, मिहीरनं दुसऱ्या.

पाचची फेरी सुटली तेव्हा तिच्यात सात जण होते. बाकीच्यांनी शनिवारपर्यंत राहायचं ठरवलं. कुणी मर्डोच्या बहिणीकडे, कुणी शाळेच्या हॉलमध्ये. पाच वाजून गेले आणि पुढची पाळी आली. फावडं कुणाच्या हाती यावर भांडण लागलं, म्हणून मर्डोनं भिंतीवरच्या पाटीवर खडूनं नावं लिहायला घेतली. आज कोण, उद्या कोण.

शशींनी त्याच्या हातातून खडू घेतला.

गुरुवार, उद्याच्या ओळीत त्यांनी 'शशी' लिहिलं. मग पुढच्या गुरुवारी. मग त्याच्या पुढच्या. पाटी मेअखेर संपली तेव्हा त्यांनी भिंतीवर लिहायला सुरुवात केली. सुमननं स्टूल आणून दिलं.

"अहो, दर गुरुवारी एडिनबराहून?"

"सकाळची ट्रेन आहे."

"आजोबा, आय मीन," मिहीर म्हणाला, "हा व्होट आहे का? ऑफिशियली?"

"बाजूला हो, जुलै लिहायचाय."

वरदा पाटीवरून बोट फिरवत राहिली. बोलली असती तर रडली असती, आणि पाहुणे होते. तिच्या वाट्याच्या एकूण एक गुरुवारी आजोबांचं नाव होतं. मधुमतीनं खडू मागितला आणि ऑगस्टचे दोन शुक्रवार घेतले. नंदू म्हणाला, दर दोन आठवड्यांनी मी येऊ शकतो. हे मत होतं हे त्याच्यासकट कुणाच्याच लक्षात आलं नाही.

मर्डो दोन्ही हात खिशात घालून भिंत वाचत होता. ऑक्टोबरपर्यंत गुरुवार भरले होते.

"म्हातारा परतण्यात फार वाईट आहे," तो वरदाला हळूच म्हणाला. "मी आजवर बघितलेला सगळ्यात वाईट. नाव पुसू?"

"पुसून तर बघ," वरदा म्हणाली.